जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवरील फाइली नव्या संगणकावर आणताना

हार्ड डिस्क बाहेर काढण्यासाठी स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी जुना संगणक अजून सुरू होतो की नाही, हे पाहावे. तो सुरू होत असेल, लॉगिन करता येत असेल आणि फाइली उघडत असतील, तर तो खोलण्याची गरजच नाही. सुरू होत नसेल तरीही लगेच धीर सोडू नये, कारण संगणक बंद पडणे आणि हार्ड डिस्क खराब होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पॉवर सप्लाय जळतो, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगतात, लॅपटॉपचा पडदा जातो, विंडोजच्या स्वतःच्या फाइली बिघडून यंत्र निळ्या पडद्यावर अडकून बसते. यांपैकी कशानेही डिस्कवरील फोटोंना किंवा कागदपत्रांना सहसा धक्का लागलेला नसतो. हा लेख हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणे मुख्यतः विंडोजची घेतली आहेत आणि मॅक किंवा लिनक्स या दुसऱ्या यंत्रणांमुळे जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांना लागू पडणारी एक शिस्त आधीच सांगतो. जुन्या डिस्कवरून फक्त वाचायचे, तिच्यावर काही लिहायचे नाही. आणि निवडानिवड, साफसफाई, फोल्डरांची नवी मांडणी हे सारे नव्या संगणकावर फाइली पोहोचल्यानंतर करायचे. हलवता हलवता नको ते काढून टाकण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण त्यामुळे दोन कामांचा गुंता होतो आणि जुनी डिस्क गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ फिरत राहते. ती आधीच वयस्कर आहे. तिच्याकडून एकदा सगळे नीट वाचून घ्यावे आणि तिला बंद करावे.

काय न्यायचे आणि ते कुठे असते

विंडोजमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचे एक स्वतंत्र फोल्डर असते. विंडोज व्हिस्टा आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत ते सी ड्राइव्हवरील 'यूजर्स' या फोल्डरात सापडते. विंडोज एक्सपीमध्ये त्याच जागी 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' हे नाव असते. आत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज असे कप्पे असतात. यांतले एकेक उचलत बसण्यापेक्षा वापरकर्त्याच्या नावाचे संपूर्ण फोल्डर उचलावे, म्हणजे 'डेस्कटॉप राहिलाच' अशी वेळ येत नाही. घरात तिघे जण तो संगणक वापरत असतील, तर तीन फोल्डरे असणार हेही ध्यानात ठेवावे.

याच फोल्डरात 'ॲपडेटा' नावाचा एक लपवलेला कप्पा असतो. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू केल्याशिवाय तो दिसत नाही. फायरफॉक्सचे बुकमार्क, थंडरबर्डमध्ये साठवलेली जुनी ईमेल, अशा बऱ्याच गोष्टी तिथे राहतात. आउटलुक वापरत असाल तर 'पीएसटी' प्रकारची फाइल मुद्दाम शोधावी. ती कधी डॉक्युमेंट्समध्ये असते, कधी ॲपडेटामध्ये, आणि वर्षानुवर्षांची सगळी टपाले त्या एकाच फाइलीत असतात.

आता या फोल्डराबाहेरचे. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डेस्कटॉप नेले, सगळे उघडून पाहिले, आणि समाधानाने जुनी डिस्क फॉरमॅट करून टाकली. तीन आठवड्यांनी हिशेबाचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर बसवून उघडले, तर आत एकही नोंद नाही. ते सॉफ्टवेअर आपला डेटा डॉक्युमेंट्समध्ये ठेवतच नव्हते. सी ड्राइव्हवर थेट स्वतःच्या नावाचे फोल्डर करून त्यात ठेवत होते, आणि त्या फोल्डराकडे मी ढुंकूनही पाहिले नव्हते. तेव्हापासून मी सी ड्राइव्ह उघडून तिथल्या प्रत्येक फोल्डराचे नाव वाचतो आणि 'हे कोणाचे?' असे स्वतःला विचारतो. 'विंडोज' हे फोल्डर, त्यातले 'फॉन्ट्स' सोडले तर, नव्या संगणकाला काही कामाचे नाही. 'प्रोग्रॅम फाइल्स' न्यायचे नसते, पण एखादे जुने सॉफ्टवेअर आपला डेटा तिथेच ठेवत असण्याची शक्यता असते, म्हणून आत डोकावावे. 'प्रोग्रॅमडेटा' हे लपवलेले फोल्डर आणि 'यूजर्स'मधील 'पब्लिक' हेही पाहावे. स्कॅनर, कॅमेरा, व्हिडिओ संपादन यांची सॉफ्टवेअरे स्वतःच्या जागा निवडतात. डिस्कचे भाग पाडलेले असतील, तर डी, ई अशा ड्राइव्हांवर जे आहे ते सगळेच उचलावे.

सॉफ्टवेअर मात्र असे उचलून नेता येत नाही. इन्स्टॉल होताना ते आपल्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या नोंदवहीत) आणि इतर ठिकाणी पसरवते. त्यामुळे नुसते फोल्डर कॉपी केले तर ते बहुधा चालत नाही. नव्या संगणकावर ते पुन्हा इन्स्टॉल करावे लागते. म्हणून इन्स्टॉल असलेल्या सॉफ्टवेअरांची यादी आणि त्यांच्या लायसन्स की कागदावर उतरवून घ्याव्यात. जे सॉफ्टवेअर एका वेळी एकाच संगणकावर चालू देते, ते जुन्या संगणकावर डीॲक्टिव्हेट करून घ्यावे.

एकूण किती माल हलवायचा, हे फोल्डरावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये कळते. इथे नवख्यांचा एक गोंधळ होतो. वेष्टनावर ५०० जीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसते. कोणी जागा चोरलेली नसते. डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक.

जुना संगणक चालू असेल तर

हीच संधी असते असे समजून काही कामे त्या संगणकावर आधी उरकून घ्यावीत, कारण डिस्क बाहेर काढल्यावर ती करता येत नाहीत किंवा फार अवघड होतात.

पहिले म्हणजे ब्राउझरमधील पासवर्ड. ते डिस्कवर सांकेतिक स्वरूपात असतात आणि क्रोमसारख्या ब्राउझरांत त्यांची किल्ली त्या संगणकावरील विंडोजच्या लॉगिनशी बांधलेली असते. नुसते फोल्डर उचलून नेले तर पासवर्ड उघडत नाहीत. त्यामुळे ब्राउझरमध्ये साइन इन करून सिंक चालू करावे किंवा सेटिंग्जमधून पासवर्ड एक्सपोर्ट करावेत. एक्सपोर्ट झालेली फाइल कोणालाही वाचता येते, म्हणून नव्या जागी भरून झाली की ती लगेच नष्ट करावी.

दुसरे म्हणजे एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये म्हणून डिस्क सांकेतिक करून ठेवणे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत, विशेषतः मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले असेल तर, डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. अशी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधीच मिळवून कागदावर लिहून ठेवावी, किंवा सेटिंग्जमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बंद करावे आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबावे. की हरवली, तर त्या डिस्कवरील फाइली परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

तिसरे, वनड्राइव्हसारख्या सेवांच्या फाइली. ज्या फाइलीच्या नावापुढे ढगाचे चिन्ह दिसते ती डिस्कवर नसतेच. तिथे असते ती केवळ खूण, आणि मूळ फाइल इंटरनेटवर असते. खाते तुमच्याकडे असेल तर काळजी नाही, नव्या संगणकावर साइन इन केले की ती दिसेल. खाते बंद करायचे असेल, तर फोल्डरावर राइट क्लिक करून ते कायम याच संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि सगळे उतरून येऊ द्यावे.

यानंतर प्रत्यक्ष वाहतूक. सर्वांत सोपा मार्ग बाहेरच्या हार्ड डिस्कचा: जुन्या संगणकाला लावायची, कॉपी करायची, काढायची, नव्याला लावायची. यात आणखी एक फायदा असा, की काम झाल्यावर त्या बाहेरच्या डिस्कवर आपोआप एक जादा प्रत शिल्लक राहते. मात्र ती डिस्क किंवा पेन ड्राइव्ह एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकही फाइल त्यावर बसत नाही आणि जागा भरपूर असूनही संगणक नकार देतो. विंडोजपुरते काम असेल तर एनटीएफएस आणि मॅक व विंडोज दोन्हीकडे न्यायचे असेल तर एक्सफॅट ही फॉरमॅट पद्धत ठेवावी. मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो, पण मुळात तिच्यावर लिहू शकत नाही. विंडोजला मॅकच्या डिस्क मुळात वाचताच येत नाहीत. मॅकवरून मॅकवर जायचे असेल, तर 'मायग्रेशन असिस्टंट' हे त्याच्यातच असलेले साधन वापरावे, ते फाइलींसोबत वापरकर्त्याची खाती आणि सॉफ्टवेअरही आणते. विंडोज ७ मध्ये 'विंडोज ईझी ट्रान्सफर' नावाची सोय होती, पण विंडोज १० मध्ये ती काढून टाकण्यात आली.

दुसरा मार्ग लॅन केबलचा. दोन्ही संगणक एकाच राउटरला केबलने जोडून फोल्डर शेअर करता येते. दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असेल तर सेकंदाला ११० मेगाबाइटपर्यंत वेग मिळतो, जुना १०० मेगाबिटचा पोर्ट असेल तर ११ मेगाबाइटच्या आसपास (आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट). जुना संगणक एक्सपीवर असेल तर मात्र या वाटेला जाऊ नये: एक्सपी ज्या जुन्या एसएमबी १ पद्धतीने फाइली शेअर करतो ती विंडोज १० च्या २०१७ मधील १७०९ या आवृत्तीपासून सुरक्षेसाठी मुळात बसवलेलीच नसते, आणि ती मुद्दाम चालू करण्यापेक्षा एक केबल विकत आणणे शहाणपणाचे.

डिस्क बाहेर काढणे

जुना संगणक सुरूच होत नसेल, तर डिस्क काढून यूएसबीने नव्या संगणकाला जोडावी लागते. कोणते अडॅप्टर लागेल हे डिस्क पाहिल्याशिवाय ठरवू नये. आधी संगणक उघडावा, डिस्कचा आणि तिच्या जोडणीच्या टोकाचा फोटो काढावा आणि मगच खरेदीला जावे.

संगणकाची वायर भिंतीतून काढावी. लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर काढावी. ती आत बसवलेली असेल तर खालचे झाकण उघडल्यावर बॅटरीची जोडणी सर्वांत आधी सोडवावी. नंतर पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला वीजभार निघून जातो. अंगावरची स्थिर वीज उतरवण्यासाठी संगणकाच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावावा, आणि डिस्क कडेने धरावी. तिच्या खालच्या बाजूच्या हिरव्या किंवा निळ्या सर्किटला बोटे लावू नयेत. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका कागदावर संगणकाचा साधा आराखडा काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने चिकटवला, की परत लावताना लांब स्क्रू आखूड भोकात घुसवून मदरबोर्ड फोडण्याचा प्रसंग येत नाही.

डेस्कटॉपमधील डिस्क बहुधा ३.५ इंची असते आणि लॅपटॉपमधील २.५ इंची. हा फरक केवळ आकाराचा नाही. २.५ इंची डिस्कला ५ व्होल्ट पुरतात आणि ते यूएसबी पोर्टमधूनच मिळतात. ३.५ इंची डिस्कला मोटर फिरवण्यासाठी १२ व्होल्टही लागतात, ते यूएसबी देत नाही; म्हणून तिच्यासाठी वेगळ्या विजेच्या अडॅप्टरसह येणारी कन्व्हर्टर केबल किंवा डॉक (डिस्क खोचण्याचा स्टँड) घ्यावा लागतो. साध्या केबलला ३.५ इंची डिस्क लावून 'डिस्क मेली' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. ती मेलेली नसते, उपाशी असते.

जोडणीचे टोक पाहून पिढी ओळखता येते. दोन चपट्या, एल आकाराच्या खाचा शेजारी शेजारी असतील, एक आखूड (७ संपर्कांची, डेटासाठी) आणि एक लांब (१५ संपर्कांची, विजेसाठी), तर ती साटा डिस्क. गेल्या दोन दशकांतील बहुसंख्य डिस्क याच. याउलट पिनांच्या दोन लांब रांगा दिसत असतील तर ती जुनी आयडीई डिस्क. डेस्कटॉपच्या आयडीई डिस्कला ४० पिनांची जोडणी असते, लॅपटॉपच्या डिस्कला जास्त दाट बसवलेल्या ४४ पिनांची. बाजारात साटा आणि या दोन्ही आयडीई जोडण्या असलेला एकच तीन तोंडांचा अडॅप्टर मिळतो, तो घ्यावा. डेस्कटॉपच्या आयडीई डिस्कवर पिनांच्या शेजारी एक चिमुकली प्लास्टिकची टोपी असते, तिला जंपर म्हणतात. ती मास्टर, स्लेव्ह किंवा केबल सिलेक्ट यांपैकी एका जागी बसवलेली असते. कोणती जागा कशाची, हे डिस्कवरच्या लेबलावर छापलेले असते. अडॅप्टरला लावताना ती मास्टरवर ठेवावी. ही टोपी तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि खाली पडली की सापडत नाही, तेव्हा टेबलावर पांढरा कपडा अंथरून काम करावे.

जुन्या लॅपटॉपांत आणखी एक फसवणूक असते. डिस्कच्या पिनांवर लॅपटॉप कंपनीने स्वतःचा एक अरुंद जोडपट्टा खोचलेला असतो, आणि तो इतका घट्ट व बेमालूम बसलेला असतो की डिस्कचाच भाग वाटतो. अडॅप्टर बसत नाही असे दिसले तर जोर लावू नये. टोकाकडून बारीक फट दिसते का पाहावे आणि तो पट्टा दोन्ही बाजूंनी थोडा थोडा सरकवत सरळ ओढून काढावा.

नव्या लॅपटॉपांत च्युइंगगमच्या पट्टीसारखी चपटी एम.२ एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपांची डिस्क) असते. तिची नेहमीची लांबी ८० आणि रुंदी २२ मिलिमीटर. हिच्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत आणि केवळ साटासाठी बनवलेले एन्क्लोजर (पट्टी आत बसवून यूएसबीने जोडण्याची डबी) एनव्हीएमई पट्टी ओळखत नाही. लेबलावर प्रकार लिहिलेला असतो, तो वाचूनच एन्क्लोजर घ्यावे. काही पातळ लॅपटॉपांत साठवणुकीची चिप मदरबोर्डवरच डाख देऊन बसवलेली असते. तिथे काढण्यासारखे काही नसते आणि संगणक दुरुस्त करणे हाच मार्ग राहतो.

संगणकाचे यंत्र ठीक असेल आणि फक्त विंडोज सुरू होत नसेल, तर डिस्क न काढताही काम होते. दुसऱ्या संगणकावर पेन ड्राइव्हमध्ये उबुंटूसारखी लिनक्स भरावी, जुना संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा, इन्स्टॉल न करता नुसते वापरून पाहण्याचा पर्याय निवडावा. लिनक्सला एनटीएफएस वाचता येते. जुन्या डिस्कवरील फोल्डर उघडून बाहेरच्या डिस्कवर कॉपी करता येतात. चुकून 'इन्स्टॉल' दाबू नये.

जोडल्यावर येणाऱ्या सूचना

नव्या संगणकाला डिस्क जोडली की ती 'धिस पीसी'मध्ये एक-दोन नव्या ड्राइव्हांच्या रूपाने दिसते. इथे विंडोज काही प्रश्न विचारते आणि यांपैकी एका प्रश्नावर चुकीचे बटण दाबल्याने बरेच काही हातचे जाते. 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल' अशी सूचना आली, तर 'कॅन्सल' दाबायचे. नेहमी. त्या सूचनेचा अर्थ विंडोजला त्या भागाची रचना वाचता आली नाही एवढाच असतो: कदाचित डिस्क मॅकची आहे, कदाचित लिनक्सची, कदाचित तिला वीज कमी पडते आहे, कदाचित रचनेचा थोडा भाग बिघडला आहे. 'स्कॅन अँड फिक्स'चा प्रश्न आला तर तोही तूर्त नाकारावा, कारण दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणे.

डिस्क फिरताना ऐकू येते, पण ड्राइव्ह दिसत नाही, असे झाले तर 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून पाहावे. तिथे ती असेल आणि तिला केवळ अक्षर मिळाले नसेल, तर राइट क्लिक करून अक्षर देता येते. तिथे 'इनिशियलाइज' करण्याविषयी (म्हणजे डिस्क कोरी समजून नवी रचना लिहिण्याविषयी) विचारले, तर त्यालाही नकारच.

जुन्या वापरकर्त्याचे फोल्डर उघडताना परवानगी नसल्याची सूचना येते, कारण ते फोल्डर जुन्या विंडोजमधल्या खात्याच्या मालकीचे असते. 'कंटिन्यू' दाबले की विंडोज तुमच्या नव्या खात्याला परवानगी लिहून देते. मोठ्या फोल्डरात याला बराच वेळ लागतो. जुन्या डिस्कवर काही लिहायचे नाही या शिस्तीला हा एक अपवाद, आणि डिस्क धडधाकट असेल तर तो चालतो. मात्र जुन्या विंडोजमध्ये हिरव्या अक्षरांत दिसणाऱ्या फाइली वेगळ्या: त्या त्या खात्याच्या प्रमाणपत्राने एन्क्रिप्ट केलेल्या असतात आणि परवानगी मिळाली तरी उघडत नाहीत. त्या जुन्या संगणकावरच डिक्रिप्ट करून घ्याव्या लागतात.

कॉपी

नव्या संगणकावर 'जुना संगणक' अशा नावाचे एक फोल्डर करावे आणि त्याला तारीख जोडावी. सगळे आधी यातच आणावे. नव्या डॉक्युमेंट्समध्ये थेट ओतू नये, नाहीतर एकाच नावाच्या फाइली एकमेकींवर चढतात आणि 'रिप्लेस' की 'स्किप' या प्रश्नाला चारशे वेळा उत्तर देत बसावे लागते. हे फोल्डर ड्राइव्हच्या मुळाशी ठेवावे. फाइलीचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला तर विंडोज एक्सप्लोरर अडखळतो, आणि आधीच फोल्डरात फोल्डर करून ठेवलेल्या फाइली आणखी खोल नेल्या की ही मर्यादा पटकन ओलांडली जाते.

'कट' कधीही करू नये, 'कॉपी'च करावी. मधेच वीज गेली किंवा केबल हलली तर कट केलेल्या फाइलींपैकी कोणत्या इकडे आल्या आणि कोणत्या तिकडे राहिल्या, हे शोधण्यात दिवस जातो.

वेळेचा अंदाज आधी घ्यावा. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट असला, तरी प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइट मिळतात. ३०० जीबीला अडीच तासांच्या आसपास लागतात. यूएसबी ३.० ला हीच डिस्क लावली आणि ती स्वतः सेकंदाला १०० मेगाबाइट देऊ शकत असेल, तर काम सुमारे ५० मिनिटांत होते. म्हणून अडॅप्टर यूएसबी ३.० चा घ्यावा आणि संगणकाच्या तशाच पोर्टला लावावा. अशा पोर्टच्या आतली पट्टी पुष्कळदा निळी असते. हजारो छोट्या फाइली असतील तर मात्र सगळे अंदाज कोलमडतात, कारण प्रत्येक फाइलीसाठी डिस्कच्या हेडला (तबकडीवरून वाचणाऱ्या टोकाला) नव्या जागी धाव घ्यावी लागते. उरलेल्या वेळाचा आकडा पाच मिनिटांवरून तीन तासांवर गेला तरी घाबरू नये.

कॉपी चालू असताना संगणक झोपी जाणार नाही अशी व्यवस्था पॉवर सेटिंग्जमध्ये करावी, लॅपटॉपला चार्जर लावून ठेवावा, आणि फिरती डिस्क सपाट जागी ठेवून तिला हात लावू नये. आतले हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. सर्व काही एकाच दमात निवडण्यापेक्षा एकेक मोठे फोल्डर घ्यावे. महत्त्वाचे आधी: कागदपत्रे, घरचे फोटो, हिशेब; चित्रपट आणि गाणी शेवटी. ज्यांना काळ्या खिडकीत आज्ञा लिहिण्याची भीती वाटत नाही त्यांनी विंडोजमध्येच असलेले 'रोबोकॉपी' वापरावे: ते अर्धवट राहिलेले काम पुन्हा सुरू करते आणि कोणती फाइल आली नाही याची नोंद लिहून देते. मात्र न वाचता येणाऱ्या फाइलीसाठी ते मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर खेपेला ३० सेकंद थांबून. तो आकडा एकवर आणल्याशिवाय ते सुरू करू नये.

डिस्क कुरकुरत असेल तर

ठरावीक लयीत 'टक्, टक्' असा आवाज, फोल्डर उघडायला मिनिटभर लागणे, कॉपीचा वेग शून्यावर येऊन थांबणे, डिस्क मधेच नाहीशी होऊन परत दिसणे, ही लक्षणे गंभीर आहेत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कने स्वतः ठेवलेल्या आरोग्याच्या नोंदी दाखवते. त्यात बदललेल्या किंवा बदलण्याच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांची (डिस्कवरील छोट्या कप्प्यांची) संख्या वाढत असेल तर वेळ थोडा आहे. अशा डिस्कवर विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी 'चेकडिस्क' चालवू नये, ती सगळीकडे हेड फिरवत राहते आणि उरलेले आयुष्य संपवते. सर्वांत अमूल्य फोल्डर आधी उचलावे. लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरता येत असेल तर उत्तमच: ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते, मग अवघड जागांकडे परत वळते, आणि कुठवर आलो याची नोंद ठेवत असल्याने मधे थांबवता येते. टकटक सतत होत असेल आणि डेटा खरोखर अमूल्य असेल, तर वीज काढून घ्यावी आणि डेटा रिकव्हरीचे काम करणाऱ्यांकडे न्यावी. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जुना उपाय कोणी सुचवला तर ऐकू नये. आत दमट हवा गोठून तबकडीवर बसते. आणि डिस्कचे झाकण घरी उघडून आत पाहण्याची हौस तर मुळीच करू नये.

पडताळणी

कॉपीची पट्टी शंभरावर पोहोचली म्हणजे सगळे आले, असे मानू नये. जुन्या आणि नव्या फोल्डरांची 'प्रॉपर्टीज' शेजारी शेजारी उघडावी आणि फाइलींची संख्या व आकार यांची तुलना करावी. 'साइझ' हा आकडा बाइटपर्यंत जुळवावा. 'साइझ ऑन डिस्क' दोन डिस्कांवर वेगळा असणे स्वाभाविक आहे, तिकडे पाहू नये. दोन-चार फाइलींचा फरक बहुधा लपवलेल्या यंत्रणेच्या फाइलींचा असतो, तरी कोणत्या त्या पाहून घ्यावे.

मग प्रत्यक्ष उघडून पाहावे. प्रत्येक मोठ्या फोल्डरातली सर्वांत जुनी फाइल, सर्वांत मोठी फाइल आणि मधली एखादी उघडावी. व्हिडिओ मधून आणि शेवटून चालवून पाहावा. फोटोंचे फोल्डर मोठ्या चित्रांच्या मांडणीत वरून खालपर्यंत सरकवावे, म्हणजे करडे पट्टे आलेले फोटो नजरेत भरतात. फाइल तयार झाल्याची तारीख आजची दिसली तर गोंधळू नये. कॉपी करताना विंडोज ती नवी घालते, बदल झाल्याची तारीख मात्र जुनीच राहते. जुना संगणक बरीच वर्षे अपडेटविना चालला असेल तर काही उघडण्यापूर्वी आणलेल्या फोल्डरावर अँटिव्हायरस फिरवावा, पण जुन्या डिस्कवर नव्हे, नाहीतर तो तिथल्या फाइली उचलून बाजूला टाकील.

मराठीत टंकन करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान अक्षरपद्धत, रुळण्याआधीच्या काळात श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरांच्या फॉन्टांत टाइप केलेली पत्रे नव्या संगणकावर उघडली, की पडद्यावर निव्वळ रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइल बिघडलेली नसते. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसतो. म्हणून जुन्या 'विंडोज' फोल्डरातले 'फॉन्ट्स' हे फोल्डर न विसरता आणावे, लायसन्स असलेले फॉन्ट इन्स्टॉल करावेत, आणि सवड मिळाली की फॉन्ट कन्व्हर्टर वापरून ती पत्रे युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत. ही एकच पायरी चुकल्यामुळे वीस वर्षांचे लेखन 'करप्ट झाले' म्हणून टाकून दिलेले मी पाहिले आहे.

जुन्या डिस्कचे पुढे काय

'सेफली रिमूव्ह हार्डवेअर' करून डिस्क थांबू द्यावी, मग केबल काढावी. अँटिस्टॅटिक पिशवीत घालून तिच्यावर संगणकाचे नाव आणि तारीख लिहावी आणि दोन-तीन महिने कपाटात ठेवावी. राहिलेली फाइल पहिल्या दिवशी आठवत नाही. ती एखाद्या कामाच्या वेळी हवी असते तेव्हाच आठवते. या काळात नव्या संगणकावरील फाइलींची आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी, कारण तोवर जुनी डिस्क हीच तुमची दुसरी प्रत असते आणि ती पुसली की एकच उरते.

डिस्क विकायची किंवा कोणाला द्यायची असेल तर ती नीट पुसावी लागते. फाइली डिलीट करणे किंवा क्विक फॉरमॅट करणे म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणे. पाने तशीच राहतात आणि साध्या सॉफ्टवेअरनेही वाचता येतात. फिरत्या डिस्कसाठी 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावा; विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट त्या भागावर सर्वत्र शून्ये लिहितो, आणि मोठ्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास लागतात. डिस्कचे एकाहून अधिक भाग असतील तर प्रत्येक भागाचा फॉरमॅट वेगळा करावा. एसएसडीची रचना निराळी असल्याने तिच्यासाठी उत्पादकाच्या साधनातील 'सिक्युअर इरेज' वापरावे. ही आज्ञा देण्यापूर्वी बाकीच्या सर्व बाहेरच्या डिस्क आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवावेत, आणि पडद्यावर दिसणारी डिस्क तीच आहे ना, हे ड्राइव्हच्या अक्षरावरून नव्हे तर तिच्या क्षमतेवरून आणि लेबलावरील मॉडेल क्रमांकावरून ताडून पाहावे.